स्विंडनला पत्र टाकण्याआधी

प्रिय मुली,

तुझा निरोप पोचला. दत्तक जाण्याआधी पहिले अकरा महिने ज्या घरात वाढलीस, ते गोव्यातल्या बार्देश तालुक्यातलं कुटुंब आता इंग्लंडात स्विंडनला असतं आणि तुला त्यांना गाठायचंय. जरूर गाठ. फक्त घाई करू नकोस, आणि सुरुवात फेसबुकवरून तर मुळीच नको.

आधी हे ठरव की तुला भेटायचंय नक्की कुणाला. ज्यांनी सांभाळलं त्यांना, की त्यांच्यामार्फत जन्मदातीला? हे दोन वेगळे शोध आहेत आणि एकात दुसरा मिसळला की दोन्ही बिघडतात. अशा कुटुंबांना जन्मदातीबद्दल सहसा फारसं सांगितलेलं नसतं. पण कानावर काहीतरी पडलेलं असतं. संस्थेतली कुणी ताई ओघात बोलून गेलेली असते. पहिल्याच फोनवर उमाळ्याच्या भरात ते बाहेर येतं. ते खरं असेलच असं नाही, आणि एकदा ऐकलेलं डोक्यातून जात नाही. म्हणून पत्रातच लिही, ‘माझ्या जन्माविषयी काही ठाऊक असेल तर मी विचारीन तेव्हाच सांगा.’ पुढे तो शोध घ्यायचा झालाच तर रस्ता वेगळा आहे. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार १८ पूर्ण झालेल्या व्यक्तीला मूळशोधासाठी (म्हणजे जन्मदात्यांच्या शोधासाठी) स्वतः अर्ज करता येतो. तुझ्या वतीने तिऱ्हाइताने शोध घेतलेला चालत नाही, आणि तुझ्या हक्काइतकीच जन्मदात्यांची गोपनीयताही जपली जाते.

सांभाळणाऱ्यांच्या शोधासाठी पहिला अर्ज दत्तक देणाऱ्या संस्थेकडे कर. दत्तकाच्या आदेशाची प्रत (तुझ्या वेळी तो न्यायालय देत असे, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात), आधार कार्ड, संस्थेने तुला ठेवलेलं नाव आणि घरी आल्याची तारीख, एवढं जोड. जुन्या नोंदवहीत तू आजच्या नावाने सापडणार नाहीस, त्यामुळे ते जुनं नाव विसरू नकोस. संस्था बंद पडली असेल तर जिल्हा बालसंरक्षण कक्षात चौकशी कर. मूळशोधाचा नियम लिहिला गेला तो जन्मदात्यांना डोळ्यांसमोर ठेवून, म्हणून अर्जात स्पष्ट मांड: ‘मला त्यांचा पत्ता नको, माझं पत्र त्यांच्यापर्यंत पोचवा.’ पत्ता मागितला की फाइल टेबलावर पडून राहते. पत्र पोचवायला मात्र बहुतेक जण तयार होतात.

गावात जाऊन स्वतः विचारत फिरू नकोस. घर बंद असणार, पुढच्या क्रूसावर शेवाळ, चावी शेजारणीकडे. शेजारीण मायाळूच असेल. पण तू कोण, कुणाची, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला कळलेलं असेल, आणि ते स्विंडनला तुझ्या पत्राआधी पोचेल. गावातून चौकशी करायचीच असेल तर संस्थेच्या कार्यकर्तीने चर्चच्या पाद्रींना विचारावं.

आता पत्र. एक पान, जास्त नाही. तू कोण, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत त्यांच्याकडे होतीस, सध्या काय शिकतेस, आणि पत्र कुणामार्फत आलं. पत्र बाईंच्या नावे लिही, मुलांच्या नाही. कोकणीत लिहिणार असशील तर रोमी (म्हणजे रोमन) लिपीत लिही, देवनागरी वाचायची सवय त्या घरात असेलच असं नाही. उत्तर न देण्याची मोकळीक त्यांना आहे, हेही लिही.

आणि एक ओळ ठसठशीत: ‘मला पैसे, व्हिसा किंवा नोकरी यांपैकी काही नको.’ लिहायला अवघड वाटेल, पण गाळू नकोस. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या वाट्याला आलेल्या पोर्तुगीज नागरिकत्वावर ही कुटुंबं तिकडे गेली. ३१ डिसेंबर २०२० नंतर त्या पासपोर्टवर नव्याने ब्रिटनमध्ये जाऊन राहण्याची वाट बंद झाली. तेव्हापासून गावाकडच्या प्रत्येक अनोळखी पत्रात ‘आम्हालाही बोलावून घ्या’ असेल, अशी धास्ती तिथे असते. कायद्याने त्यांचं-तुझं नातं काहीच नाही, त्यांच्यामार्फत तुला नागरिकत्वही मिळणार नाही. हे तुलाही ठाऊक आहे, असं त्यांना दिसू दे.

पत्र जाण्याआधी आई-बाबांना सांग. परवानगी म्हणून नव्हे, माहिती म्हणून. गोवा एवढासा, दुसऱ्याकडून कळलं तर ते आयुष्यभर मनात राहील. ‘कशाला जुनं उकरून काढतेस?’ असं बाबा म्हणाले तर वाद घालत बसू नकोस, आठवडा जाऊ दे. आईला पत्राखाली दोन ओळी लिहायला सांगून बघ. काही आया लिहितात, काही नाही, पण विचारलं याचंच त्यांना बरं वाटतं.

उत्तर यायला दोन महिने लागले तरी दुसरं पत्र टाकू नकोस. मूल सोडायची वेळ आली तेव्हा ‘विसरून जा’ असंच त्यांना सांगितलेलं असण्याची शक्यता फार. काही जण आनंदाने रडतात, काही कोरडेच राहतात. त्या घरातली मुलं तेव्हा आठ-दहा वर्षांची असतील तर तुझ्या आठवणी सगळ्यांत जास्त त्यांच्याकडे निघतील. एक दिवस शाळेतून घरी आली आणि पाळणा रिकामा, याचं स्पष्टीकरण त्यांना बहुधा कुणी दिलेलं नसतं. त्यांच्याशी बोलताना राग तुझ्यावर निघाल्यासारखा वाटला तर तो तुझ्यावर नसतो.

तुला सांभाळण्याचे पैसे त्यांना मिळत होते, हेही कधीतरी कळेल. मनाला लावून घेऊ नकोस. आज मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत ही मदत महिन्याला ४,००० रुपये आहे. दूध, कपडे, डॉक्टर यांतच ती संपते. रात्री जागण्याचे कुणी देत नाही.

पहिला फोन अर्ध्या तासाचा, आणि व्हिडिओ नको. हिवाळ्यात तिथलं घड्याळ साडेपाच तास मागे, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. बरेच जण पाळीत काम करतात, वेळ त्यांना ठरवू दे. ‘मी कशी होते?’ असं विचारलंस तर ‘गोड होतीस’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी काय खायचे, कशाने रडायचे, कुणाच्या कडेवर झोपायचे, मला हाक काय मारायचात, हे विचार. फोटो असतील तर फोनने टिपण्यापेक्षा ६०० डीपीआयवर स्कॅन करून मागव, मागची बाजूसुद्धा. तारीख बहुतेकदा तिथे असते.

जमलं तर पहिली भेट गोव्यातच होऊ दे. नाताळात किंवा गावच्या फेस्ताला (चर्चच्या उत्सवाला) ही मंडळी येतातच. पण २५ तारखेला जाऊ नकोस, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि तू तमाशा होऊन बसशील. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पणजीत, तासा-दोन तासांची भेट पुरे.

तुलाच जायचं असेल तर साधा व्हिजिटर व्हिसा घे. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. नात्याच्या रकान्यात ‘आई’ लिहू नकोस, ‘परिचित’ लिही. माया कितीही असली तरी फॉर्मवर ते खोटंच, आणि फसवणूक ठरली तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. खात्यात ऐनवेळी मोठी रक्कम भरू नकोस, ती कुठून आली हे विचारतात. कॉलेजचं पत्र आणि त्यांचं निमंत्रण जोड. सगळे दिवस त्यांच्याच घरी काढू नकोस. पहिले दोन-तीन दिवस राहायची सोय वेगळी कर, म्हणजे दोघांनाही श्वास घ्यायला जागा राहते.

चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि पेढे नेऊ नकोस. मांस आणि दुधाचे पदार्थ तिथल्या विमानतळावर काढून घेतात. भाजलेल्या काजूचं बंद पाकीट ने, आणि तुझे फोटो, वर्षाला एक, पहिल्या वाढदिवसापासून आतापर्यंत.

पत्राचा मसुदा झाला की मला दाखव. एका पानाच्या वर गेला तर कापू.

तुझी,
ताई