बोटीच्या ५.७ लिटर व्ही-८ इंजिनला कारचा ७५० सीएफएमचा (मिनिटाला ७५० घनफूट हवा घेणारा) कार्ब्युरेटर चालेल का?

नको. आधी सरळ उत्तर, मग कारणं.

तुम्ही लिहिलंय की गोव्याहून जुनी इनबोर्ड बोट आणली, मूळचा फोर-बॅरल कार्ब्युरेटर गळतोय, इंजिन कोल्हापुरात उघडलंय, बोट मालवणला चालवायची आहे, आणि मिस्त्री म्हणतात कारचा ७५० चा बसवू, पळंल बघा नुसती. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात हात चांगले आहेत, त्यात वाद नाही. पण आपल्याकडं पॉवरचा नाद जरा जास्त. बोटीत पॉवरच्या आधी बघायचं ते हे, की सांडलेलं पेट्रोल जातं कुठं.

कारचा फ्लोट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) अडकला तर पेट्रोल रस्त्यावर टपकतं, वास येतो, आपण थांबतो. बोटीत ते तळाला, बिल्जमध्ये साचतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती आपणहून वर येऊन निघून जात नाही. मग स्टार्टरची एक ठिणगी पुरते. म्हणून मरीन कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटच्या व्हेंट नळ्या घशाच्या आत वळवलेल्या असतात. ओव्हरफ्लो झाला तरी पेट्रोल इंजिनातच जातं. फार तर इंजिन गुदमरून बंद पडेल. थ्रॉटल शाफ्टला खाच असते, कडेनं झिरपणारं पेट्रोल आत ओढलं जावं म्हणून. वर एअर क्लीनरऐवजी फ्लेम अरेस्टर असतो, बॅकफायरचा जाळ बाहेर पडू नये यासाठी. हे सगळं कारच्या कार्ब्युरेटरवर 'करून घेता' येत नाही. पेट्रोल पंप, स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर यांनाही हाच नियम. स्वस्त मिळतात म्हणून कारचे बसवू नका.

आता साइज. हिशोब सोपा आहे: इंजिनची क्षमता घनइंचात, गुणिले सर्वांत जास्त आरपीएम, भागिले ३४५६. तुमचं ५.७ लिटर म्हणजे ३५० घनइंच. अशी इंजिनं साधारण ४८०० च्या वर फिरवत नाहीत. उत्तर येतं ४८६. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून ८५ टक्के धरा, ४१३ सीएफएम. ६०० चा मरीन कार्ब्युरेटर, सेकंडरी (मागचे दोन घसे) व्हॅक्यूमवर उघडणारा, एवढं भरपूर झालं. ७५० मध्ये कमी रेसला हवेचा वेग पडतो, बूस्टरला (घशात पेट्रोल ओढून घेणाऱ्या नळीला) ओढ मिळत नाही, आणि बोट नाक वर करून पाण्यावर उठायच्या वेळी, नेमकी ताकद लागते तेव्हाच, इंजिन अडखळतं.

खरं तर नवा घेण्याआधी जुना नीट बघा. मूळचा मरीनच असेल आणि नुसता शाफ्ट ढिला झाला असेल, तर बुश मारून आणि नवा किट घालून तो उभा राहतो. शाफ्टची खाच तेवढी बुजवू देऊ नका. किट इथेनॉल चालणारा घ्या. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनी रबरं त्यात टिकत नाहीत.

ट्यूनिंगला कारची सवय सोडावी लागते. कार उतारावर सुटते, सिग्नलला थांबते. बोट म्हणजे दोन ट्रॉल्या ऊस भरून कायम चढावर असलेला ट्रॅक्टर. मिक्श्चर जरा लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं तर कार नुसती कुरकुरते, इथं पिस्टनला भोक पडतं. म्हणून जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) थोडे मोठेच बरे. पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागला की जादा पेट्रोल सोडणारा) मात्र इंजिन कंपनीनं दिलेल्या नंबरचाच.

आधी इग्निशन टायमिंग, मग पेट्रोलचं प्रेशर (या जातीच्या कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय), मग फ्लोटची पातळी. मिक्श्चर स्क्रू बंद करून दीड आटा उघडा आणि इंजिन गरम झाल्यावर व्हॅक्यूम गेज लावून दोन्ही बाजू आळीपाळीनं फिरवा, काटा सर्वांत वर जाईल तिथं थांबा. इथपर्यंत वर्कशॉपात, नळाचं पाणी लावून जमतं. शेवटचं आयडल मात्र बोट पाण्यात, गिअरमध्ये.

मेन जेट तर पाण्यातच ठरतो, आणि तोही मालवणच्या पाण्यात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, हवा पाचेक टक्के विरळ. इथं बेताचं वाटणारं मिक्श्चर घाट उतरला की लीन होतं. त्यात इथेनॉलही लीनकडंच ढकलतं: साध्या पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, २० टक्केवाल्याला साडेतेराच्या आसपास. जुन्या काळचे जेट तसेच ठेवले तर दोन्ही बाजूंनी मार बसतो.

नवे प्लग घालून शांत पाण्यात दोन-तीन मिनिटं पूर्ण रेस द्या, मग प्लग काढून बघा. पांढरे फटक दिसले तर जेट वाढवा. पूर्ण वेगात चावी बंद करू नका. मागची लाट बोटीत येते, एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. रेस उतरवा, लाट पुढं जाऊ द्या, मग लगेच बंद. आयडलवर रेंगाळलात तर प्लग काळे होऊन खोटं सांगतील.

पूर्ण रेस ४४०० आरपीएमलाही पोचत नसेल तर कार्ब्युरेटरला शिव्या देण्याआधी पंखा (प्रोपेलर) बघा. पिच (एका फेरीत पंखा जेवढा पुढं सरकतो ते अंतर) एक इंच कमी केला की दीड-दोनशे आरपीएम वाढतात. निम्म्या वेळा रोग तिथंच असतो.

दर वेळी चावी फिरवण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (बिल्जची हवा बाहेर फेकणारा), आणि नाकानं बिल्जचा वास. पावसाळ्यात बोट उभी राहणार, तेव्हा फ्लोटमधलं पेट्रोल काढून ठेवा. इथेनॉल पाणी धरतं, आणि सप्टेंबरात जेट हिरवे झालेले सापडतात.

जुन्या कार्ब्युरेटरवरचा नंबर आणि शाफ्टचा फोटो टाका, तो वाचवता येतो का ते सांगतो.