गंजिफाची बिस्किटं आणि सासूबाईंची शंका

प्रश्न : सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा (हातानं रंगवलेले गोल पत्ते) पाहिल्यापासून गोल बिस्किटांवर दशावतार रंगवायचं डोक्यात बसलं आहे. पण आयसिंगवर कुंचला टेकवला की खड्डा पडतो, रंग पसरतो. आमच्याकडे अंडं चालत नाही. त्यात सासूबाई विचारतात, देवाचं चित्र चावायचं कसं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सासूबाईंपासूनच सुरुवात करते, कारण त्यांनी तुमचं निम्मं काम हलकं केलंय. दशावतारी गंजिफाची पानं १२०. प्रत्येक अवताराचा राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. माणसांची चित्रं पहिल्या दोनच पानांवर. उरलेल्या शंभरांवर नुसती चिन्हं : मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, परशुरामाचे परशू. तीच घ्या. एवढ्याशा बिस्किटावर रामाचं नाक काढत बसण्यापेक्षा पाच मासे काढलेले बरे! आणि मासा चावायला कोकणात कोण कचरतंय?

आता खड्डा. तुम्ही रंगात पाणी घालत असणार. आयसिंग म्हणजे साखर, ती पाण्यानं विरघळणारच. जेल रंग (खाण्याचा घट्ट रंग) व्होडकाच्या दोन थेंबांत कालवला तर व्होडका पटकन उडून जाते आणि साखर शाबूत राहते. अंडं न चालणाऱ्या घरात व्होडका चालेल का, हे मात्र तुमचं तुम्ही बघा. नसेल चालत, तर कुंचला कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि एका जागी दोनदा फिरवू नका.

आयसिंगसाठी अंड्याऐवजी काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून, गार करून फेसा आणि त्यात चाळलेली आयसिंग शुगर घाला. चमच्यातून पडलेली धार दहाएक सेकंदांत सपाट झाली की जमलं. चित्रामागे लाल जमीन हवी असेल तर ती वरून रंगवू नका, रंग आयसिंगमध्येच मिसळा. मग रात्रभर पंख्याखाली. चिपळूणच्या पावसात पंख्याचं काही चालत नाही, एसीची खोली मिळाली तर बघा. मूळ पानालाही आधी कापडावर चिंचोक्याची खळ नि खडूचा लेप देऊन, घोटून गुळगुळीत करतात, मगच रंग चढतो. तिथे कुणी घाई करत नाही.

मैद्यात बेकिंग पावडर नको, गोल आकार बिघडतो. कापलेल्या चकत्या भाजण्याआधी फ्रिजमध्ये घट्ट करा. रंगवलेली बिस्किटं मात्र फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यांना घाम फुटतो नि मासे ओघळतात.