ओआरएसबद्दल लिहिताना आधी पाण्याचं माप

ओआरएसवर, म्हणजे जुलाबात पाण्यात विरघळवून द्यायच्या मीठ-साखरेच्या पावडरवर लिहिताय, तर 'पुडी पाण्यात विरघळवा' एवढ्यावर थांबू नका. किती पाण्यात, तेच तर आईला हवं असतं. मोठी पुडी 1 लिटरची, छोटी 200 मिलीची; पुडीवर छापलेलं माप बघायला सांगा. घरोघरी अंदाजाने थोडी पावडर वाटीभर पाण्यात कालवतात, ते स्पष्ट शब्दांत थांबवा. पाणी कमी पडलं तर बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढू शकतं. जास्त झालं तर उपयोग कमी. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. उरलेलं 24 तासांनी ओतून द्यायचं. आणि बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले किंवा पीतच नसेल तर लगेच दवाखाना, ही ओळ सगळ्यात वर हवी. शेवटापर्यंत सगळेच वाचत नाहीत.