महारेराच्या निकालाविरुद्ध अपील केलं तर वकिलाचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो?

तुमचा प्रश्न असा, की महारेराने, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, तक्रार फेटाळली आहे. आता अपिलात हरलो तर बिल्डरच्या वकिलाची फी भरावी लागेल का, आणि जिंकलो तर आपली परत मिळेल का?

मी पनवेलच्या फ्लॅटसाठी याच वाटेने गेलो. उशिराच्या ताब्याचं व्याज महारेराने नाकारलं, अपिलीय न्यायाधिकरणाने ते दिलं, मग बिल्डर हायकोर्टात गेला आणि हरला. दोन्हीकडे मी जिंकलो, आणि दोन्ही आदेशांची शेवटची ओळ एकच होती: खर्चाबाबत आदेश नाही. म्हणजे ज्याचा खर्च त्याने सोसायचा. माझे पावणेदोन लाख गेले ते गेलेच.

कायद्याच्या पुस्तकात उलटं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ सांगतं की हरणाऱ्याने खर्च द्यावा, आणि न्यायालय तसं करणार नसेल तर कारण लिहावं. पण जो खर्च मिळतो तो नियमांतल्या जुन्या दरांनी. संजीवकुमार जैन खटल्यात दिल्ली हायकोर्टाने प्रत्यक्ष झालेला खर्च म्हणून ४५ लाख २८ हजार द्यायला लावले होते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून नियमांप्रमाणे होईल तेवढा खर्च आणि वर ३,००० रुपये दिले. हे दर वास्तवाला धरून हवेत, असं त्याच निकालात म्हटलं आहे. मला याची फार चीड येते. खरी बाजू असलेला पगारदार माणूस एवढ्यासाठीच अपील सोडून देतो.

याची दुसरी बाजू तुमच्या सोयीची आहे. प्रामाणिकपणे अपील करून हरलात तर बिल्डरच्या बड्या वकिलाचं बिल तुमच्यावर येण्याची शक्यता फार कमी. खर्च बसतो तो कागद लपवले, खोटं सांगितलं, उगाच तारखा मागितल्या तर. अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. ती चुकली तर उशीर माफ करतानाही खर्चाची अट घालू शकतात. तेवढी तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

महारेराकडून खर्च मिळेल ही आशा तर धरूच नका. अपिलात समोर बिल्डर असतो. निकाल देणाऱ्याने स्वतःच्या निकालासाठी भांडू नये, अशी आपल्याकडची रीत आहे. थेट हायकोर्टात निर्णयाला आव्हान देणाऱ्या रिट याचिकेत महारेराला प्रतिवादी केलं तरी ते बहुधा नावापुरतं असतं.

आणखी एक. रेरा कायद्याच्या कलम ४३(५) प्रमाणे बिल्डरने अपील केलं तर ग्राहकाला द्यायची पूर्ण रक्कम व्याजासकट आधी जमा करावी लागते. ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये न्यूटेक खटल्यात कायम ठेवली. फ्लॅट घेणाऱ्याला असं काही भरावं लागत नाही.

माझी चूक सांगतो. अपिलाच्या शेवटी वकिलांनी ‘इतर योग्य तो आदेश व्हावा’ एवढंच लिहिलं होतं, आणि मी न वाचता सही केली. तुम्ही खर्चाची वेगळी मागणी लिहायला लावा आणि फीच्या पावत्या जोडा. मिळेलच असं नाही, पण न मागता तर कोणीच देत नाही. फी तारखेवर की पूर्ण अपिलाची, हेही आधी लेखी ठरवा. कलम ५६ प्रमाणे न्यायाधिकरणापुढे स्वतः बोलता येतं, किंवा सीएला उभं करता येतं. मुद्दा फक्त तारखांचा आणि करारनाम्याचा असेल तर मी आज स्वतःच उभा राहिलो असतो.

फ्लॅट बायकोच्या किंवा आईच्या नावावर असेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.