वस्ताद निघून गेला तर?

प्रश्न : अंबाजोगाई रोडवर माझं फॅमिली रेस्टॉरंट आहे. वस्तादाच्या हाताला चव आहे, पण ऐन लग्नसराईत ‘चाललो गावाकडं’ म्हणतो आणि उचल वाढवून घेतो. तो गेला तर दोन पोरंही जातील. पगार वाढवू की दुसरा माणूस बघू? – एक वाचक, जि. बीड

उत्तर : भाऊ, आधी हे सांगा, तुमच्या शेवभाजीची गिरवी तुम्हाला करता येते का? पत्रात भाडं आहे, उचल आहे, गल्ला आहे; मसाल्याबद्दल एक ओळ नाही. वस्तादानं हे कधीच ओळखलंय.

मी लातूरच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात कपबश्या विसळायला लागलो. तिथून भट्टी, मग गल्ला. आमचे मालक फार शिकलेले नव्हते, पण गिरवी शिजताना कढईपाशी उभे राहायचे. कांदा किती किलो, सुकं खोबरं किती, काळा मसाला तेल सुटायच्या आधी पडला की नंतर, सगळं वजनावर आणि वहीत. वस्ताद आजारी पडला तरी गिऱ्हाइकाला कळायचं नाही. वस्तादाचा मानही कमी व्हायचा नाही, कारण वहीत लिहून घ्यायचं ते त्यालाच विचारून.

तुम्हीही वही करा, पण आत्ता नको. आत्ता काढली तर त्याला वाटेल, आपल्याला हाकलायची तयारी चाललीय. श्रावणात मटण-चिकन थंड असतं, तेव्हा बसा. त्याच महिन्यात तंदूरवरचा पोरगा गिरवीवर आणि गिरवीवरचा तंदूरवर घाला. कुरकुर करतील, करू द्या.

उचल एकदम बंद करू नका. पेरणी, बाळंतपण, दवाखाना, माणूस आणखी कुणाकडं जाणार? फक्त अर्ध्या पगाराच्या वर द्यायची नाही, लिहून द्यायची, दोघांच्या सह्या, आणि तीन हप्त्यांत वळती. तुमच्याकडूनही पगाराची तारीख चुकता कामा नये. वस्ताद पगार कमी म्हणून जातो तसा तारीख हलली म्हणूनही जातो.

आणि पोरं जेवतात काय, ते बघा. दुपारी चारला, तळाचा भात आणि पाणचट वरण? आठवड्यातून चार वेळा तरी त्यांच्या पंगतीला बसा. तेच ताट घ्या, वेगळं वाढून घेऊ नका. कोण कुणावर रुसलंय, कुणाला पलीकडच्या ढाब्यानं बोलावलंय, सगळं तिथंच कळतं.

प्रश्न : लातूरला क्लासेसच्या पोरांसाठी मेस चालवते. उन्हाळ्यात टँकरच्या खर्चानं हैराण होते. जेवणात काटछाट करावी का? – एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा तुम्हीही पाहिला असेल. आम्ही तेव्हा स्टीलची ताटं आवरून पत्रावळ्या काढल्या. विसळायचं पाणी वाचलं. भाकरीला हात लावला नाही. पोरं परगावची, भुकेची. काटछाट करायचीच तर दोन भाज्यांची एक करा, पोटभर राहू द्या. बदल आदल्या आठवड्यात पाटीवर लिहा, पालकांनाही फोन करा. शेजारच्या मेसवाल्यांशी बोलून टँकर वाटून घ्या. एक मात्र सांभाळा : पाणी वाचवायचं म्हणून सकाळचा भात संध्याकाळी वाढू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तो बाहेर राहिला की बिघडतो, आणि परीक्षेच्या तोंडावर पोरं आजारी पडतात.