वाळवंटात कसली झाडं, असं विचारलंत म्हणून...

ताई नमस्कार, पत्र मिळालं, दोनदा वाचलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी बार्शीला बीएस्सी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजची टूर जोधपूर-जैसलमेरला गेली आणि आल्यापासून एकच धोशा, मला वाळवंटातल्या दुर्मिळ झाडांवर काम करायचंय. मिस्टरांचं म्हणणं गपचूप बीएड कर. आणि तुमचा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला, की वाळवंटात झाडंच नसतात तर ही अभ्यास कसला करणार?

आहेत हो ताई. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी, तुमच्याकडे सौंदड म्हणत असतील, तीच तिकडची खेजडी, राजस्थानचा राज्यवृक्ष. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावात ही झाडं तोडायला राजाची माणसं आली तेव्हा अमृतादेवी बिश्नोईंसकट ३६३ माणसांनी जीव दिला पण झाड सोडलं नाही. राजस्थानी थाळीतली ती कैर-सांगरीची भाजी, त्यातली सांगरी म्हणजे याच झाडाच्या शेंगा आणि कैर म्हणजे तुमच्या माळावरची नेपती. म्हणजे तुमची लेक काही परक्या मुलखात चाललेली नाहीये, अर्धी झाडं ओळखीचीच निघतील.

खेजडी काही दुर्मिळ नाही, पण गुग्गुळ आहे. घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर कपाटात योगराज गुग्गुळाची डबी असेलच, तो डिंक ज्या झुडपाचा, ते झुडूप आज जगाच्या रेड लिस्टवर, म्हणजे नामशेष व्हायची भीती असलेल्या जिवांच्या यादीत, अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेलंय. कारण साधं आहे, जास्त डिंक मिळावा म्हणून खोल चिरा मारतात आणि झुडूप वाळून जातं, नवीन वाढायला वर्षानुवर्षं लागतात. मी स्वतः पहिल्यांदा बघितलं ते एका खडकाळ उतारावर, आणि खरं सांगते, मला ते मेलेलं काटेरी काटूक वाटलं! सोबतच्या बाईंनी सालीचा कागदासारखा पापुद्रा सोलून दाखवला, आत हिरवट खोड, फांदीला नख लावल्यावर तो ओळखीचा वास. वर्षातले बरेच महिने त्याला पानंच नसतात, मग फ्लोराच्या, म्हणजे एखाद्या भागातल्या झाडांची वर्णनं देणाऱ्या पुस्तकात पानाचा आकार बघून काय उपयोग, सालीवरून ओळखता आलं पाहिजे.

आणि हाच माझ्या सगळ्या उत्तराचा मुद्दा आहे. मुलीला विचारा, तुला वाळवंट आवडलं की झाड ओळखणं आवडलं? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळूच्या टेकड्यांवरचा सूर्यास्त सगळ्यांनाच आवडतो. पण बॉटनीत एमएस्सी झालेली पोरं ढिगाने सापडतात, त्यातले बरेच लॅब आणि मॉलिक्युलरवाले, शेतात उभं करून "हे काय" विचारलं की मोबाईल काढतात. वाळकं खोड बघून नाव सांगणारा माणूस शोधायला जा, मिळत नाही. तिची किंमत तिथे आहे, डिग्रीत नाही.

आता कामाच्या जागा. जोधपूर हे या विषयाचं माहेर समजा. बॉटनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं (बीएसआय) शुष्क प्रदेशाचं केंद्र तिथे, कोरडवाहू मुलखातल्या शेतीवर संशोधन करणारी १९५९ पासूनची काझरी ही केंद्रीय संस्था तिथे, शुष्क वन संशोधन संस्था म्हणजे आफरी तीही तिथेच. तिथेच मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, टूरमध्ये दाखवलं नसेल तर पुढच्या वेळी आधी तिथे जा म्हणावं. ७० हेक्टर खडक, सगळा वेड्या बाभळीने गिळलेला, (तिकडेही तिला बावळियाच म्हणतात, वेडी ती वेडीच) २००६ पासून तिची मुळं खडकातून अक्षरशः खणून काढली आणि त्याच खड्ड्यांमध्ये मूळची वाळवंटी झाडं लावली. खणणारे कोण, तर पिढ्यानपिढ्या दगडखाणीत काम केलेले खांडवालिया लोक, दगडाच्या आवाजावरून ठोका कुठे मारायचा ते सांगणारे. नुसतं पुस्तकी ज्ञान तिथे चाललं नसतं. जैसलमेरकडे तीन हजारांहून जास्त चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क, आणि शहरापासून १७ किलोमीटरवर आकल, जिथे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्यावर पडलेत. ज्या जागी आज वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे कधीकाळी जंगल होतं! शिवाय ओरण, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली कुरणं, आपल्या देवरायांची चुलत बहीण समजा.

पैशाचं गोड बोलणार नाही. एमएस्सीनंतर सीएसआयआर नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप देणारी देशपातळीवरची परीक्षा, काढली तर महिना ३७ हजार आणि वर एचआरए, आणि तेही फक्त फेलोशिप असेपर्यंत. नेट नसेल तर प्रोजेक्टवर त्याहून बरंच कमी आणि प्रोजेक्ट संपला की पुन्हा शोधाशोध. पर्मनंट सायंटिस्टच्या जागा थोड्या निघतात आणि कधी निघतील ते कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे तिशीपर्यंत घरून "अजून किती शिकणार" हा प्रश्न येणार नाही एवढी तयारी तुम्हा दोघांची पाहिजे. यूपीएससीची फॉरेस्ट सर्व्हिस हा वेगळा रस्ता आहे, बॉटनी विषय तिथे चालतो, पण माझं मत विचाराल तर तिथे झाडांपेक्षा फायली जास्त. मधला एक रस्ता पण आहे, सोलर-पवनचक्कीवाल्या कंपन्यांसाठी पर्यावरण सर्व्हे करणाऱ्या कन्सल्टन्सी. पगार बरा असतो, फक्त "इथे काहीच नाही असं लिहा" म्हणणारा बॉस कधीतरी भेटतो, माझ्या एका विद्यार्थ्याला भेटला होता, त्याने नोकरी सोडली.

मिस्टरांना सांगा बीएडचा दरवाजा कुठे जात नाही, एमएस्सीनंतरही करता येतं. आणि एकटी मुलगी लांब कशी, याचं उत्तर असं की फील्डवर सहसा कुणी एकटं जात नाही, टीम, जीप आणि गावातला एक जाणता माणूस सोबत असतो, डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काम करताच येत नाही.

पण जोधपूरच्या आधी एक वर्ष मला सोलापूर जिल्ह्यातच पाहिजे. नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, जो पक्षी जैसलमेरला गोडावण म्हणून शोधतात तोच, म्हणजे माळ आणि वाळवंट फार लांबचे नातेवाईक नाहीत. अभयारण्यात नको, गावाजवळचाच एक पडीक माळ धरायचा, शंभर पावलं लांब, शंभर रुंद, आणि दर महिन्याला त्यातल्या प्रत्येक झाडाची नोंद. पान आहे का, फूल आहे का, शेळीने खाल्लंय का. नेपती, हिंगणबेट, तरवड, गवतं सगळी, आणि गवतं टाळायची नाहीत, सगळे टाळतात. अडलेलं दाबून वाळवून पुण्याला बीएसआयच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, विचारून न्यायचं. मुंबईला झेव्हियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे तेही बघून यावं, ज्या फादर ब्लॅटरांच्या नावाने ते आहे त्यांनीच शंभर वर्षांपूर्वी हॉलबर्ग यांच्यासोबत जोधपूर-जैसलमेरची झाडं नोंदवली होती, मुंबईतून जाऊन!

एप्रिल-मेच्या उन्हातही वही भरलेली असली तर मिस्टरांशी मी स्वतः फोनवर बोलते. पहिल्या महिन्याची यादी झाली की पानांचे फोटो काढून मला पाठव म्हणावं, चुकलेली नावं खोडून परत सुंदर अक्षरात लिहू नकोस, आहे तशीच पाठव.