हलते म्हणजे नीट आहे, असे नव्हे

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. जर्मनीतल्या त्या क्लबच्या हिवाळी दुरुस्तीत एएसके १३ या ग्लायडरचा (इंजिन नसलेल्या विमानाचा) डावा पंख आधाराच्या घोड्यांवर आडवा ठेवलेला असताना तू एलरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीचा) पुशरॉड, म्हणजे तिला हलवणारी पोकळ दांडी, पंखाच्या मुळाकडून हाताने आतबाहेर केलास, अर्धे अंतर ओलांडल्यावर तो एका जागी किंचित अडखळला, आणि कार्यशाळेच्या प्रमुखांनी 'तो गेली दहा वर्षे असाच आहे, हलतो ना?' असे म्हणून विषय संपवला. ते तीस वर्षे हे काम करत आहेत, तुला क्लबात येऊन दोन महिने झाले आहेत. तेव्हा आपणच चुकत असू, असे तुला वाटते. यातले तीस वर्षे आणि दोन महिने बाजूला ठेव. हलते म्हणजे नीट आहे, असे नव्हे.

तो ग्लायडर १९६६ साली पहिल्यांदा उडालेल्या जातीचा आहे. लाकडी स्पार (पंखाची मुख्य तुळई), पुढच्या कडेला प्लायवूड, मागे डोप (कापड ताणून धरणारे वार्निश) लावलेले कापड. पुशरॉड आत कुठेतरी रिबांमधून (पंखाच्या फासळ्यांमधून) सरकतो, बेलक्रँकपाशी (कोनात वळलेल्या तरफेपाशी) दिशा बदलतो आणि एलरॉनपाशी पुन्हा बाहेर दिसतो. मधला सगळा मार्ग अंधारात असतो. बाहेरून दोन्ही टोके पाहून मधल्या भागाची खात्री देणे म्हणजे घराचे पुढचे-मागचे दार उघडते म्हणून छप्पर गळत नाही असे सांगण्यासारखे आहे. पुशरॉड जिथे मार्गदर्शक रिंगणात टेकतो, तिथे वर्षानुवर्षे एकाच बाजूने घासला जातो. ॲल्युमिनियमची बारीक पूड जुन्या ग्रीसमध्ये मिसळून काळा लेप तयार होतो. तो पुसल्यावर खाली बोटभर चकाकती, सपाट जागा दिसते. नळीची जाडी तिथे किती उरली आहे, हे वैमानिकाची स्टिक (नियंत्रणाचा दांडा) धरणाऱ्या हाताला कधीही कळत नाही. उलट जितके घासले जाईल तितके ते मऊ सरकते. म्हणून पुन्हा सांगतो, हलते म्हणजे नीट आहे, असे नव्हे.

आता मी हे इतक्या हट्टाने का सांगतो आहे, ते ऐक. तुझ्याच वयाचा होतो तेव्हा मलाही एका जुन्या लाकडी पंखात अशीच कच, म्हणजे अडखळ, जाणवली होती. वरिष्ठ म्हणाले, ग्रीस सुकले असेल. मी कामाच्या पत्रकावर सही केली. पुढच्या हिवाळ्यात कापड बदलायला पंख उघडला, तर बेलक्रँकच्या आधारपट्टीचा एक स्क्रू निघून पडला होता, पट्टी कलली होती आणि पुशरॉड रिबच्या कडेवर घासून नळी अर्धी कापली गेली होती. मधल्या पूर्ण हंगामात त्या ग्लायडरमधून पंधरा-सोळा वर्षांची मुले शिकत होती. कोणालाही काही झाले नाही, एवढेच. तो निघालेला स्क्रू आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो, असे लोक म्हणतात. एका वर्षी ईस्टरच्या शिबिराआधी मी संशयावरून एक पंख उघडायला लावला. आत काहीच सापडले नाही. कापड लावणे, डोप वाळणे, नोंदी करणे यात शिबिर गेले आणि क्लबच्या पुढच्या निवडणुकीत कार्यशाळेचे काम माझ्याकडे राहिले नाही. काही सापडले नाही म्हणजे काम वाया गेले, हा हिशेब मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. आत सगळे ठीक आहे हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. त्याआधी आम्ही ते फक्त मानत होतो. असो, तो माझा वाद आहे, तुझा नव्हे.

तू लगेच कापडाला सुरी लावायची नाहीस. ते अधिकार असलेल्या माणसाचेच काम आहे. पण त्याआधी करण्यासारखे पुष्कळ आहे. पंख घोड्यांवर असताना टोक दोघांकडून वर उचलून धर आणि तोच पुशरॉड पुन्हा हलव, कारण हवेत पंख वर वाकतो आणि जमिनीवर मोकळे असणारे सांधे तिथे अडू शकतात. पुशरॉड मुळाशी घट्ट धरून एलरॉनची मागची कड किती मिलिमीटर हलते ते मोज. हे ढिलेपण वाढले की फ्लटर (पंखाची आपोआप वाढत जाणारी थरथर) कमी वेगातच सुरू होऊ शकतो. एअरब्रेकच्या (पंखातून वर येणाऱ्या रोधक फळीच्या) पेटीतून आत आरसा आणि दिवा घाल. नाकही घाल, ओल धरलेल्या लाकडाचा आणि जुन्या सरसाचा कुबट वास कोणत्याही यंत्रात दिसत नाही. बोरोस्कोप (बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा) वापर, पण तो जिथे प्रकाश पडतो तेवढेच दाखवतो. झीज बहुधा खालच्या बाजूला असते.

तुला वाटते, प्रमुखांना वाईट वाटेल. वाटू दे! जून २०१० मध्ये ऑस्ट्रियात एका ब्लानिक एल-१३ ग्लायडरचा उजवा पंख मुळाजवळ स्पार तुटून हवेत निखळला, तेव्हा त्या जातीच्या ग्लायडरांची उड्डाणे थांबवली गेली. ते प्रकरण स्पारचे होते, पुशरॉडचे नव्हते, आणि तिथे कुणी निष्काळजी होते असेही मी म्हणत नाही. पण आदल्या दिवशीपर्यंत तोही उडतच होता.

प्रमुखांशी चारचौघांत बोलू नकोस. कच कोणत्या अंतरावर येते त्या जागी पुशरॉडवर पेन्सिलीने खूण कर, पंख खाली असताना आणि वर उचललेला असताना वेगवेगळी, आणि त्यांचाच हात तिथे ठेव. तरीही ते नाही म्हणाले, तर तपासणीच्या पत्रकावर तुझ्या अक्षरात ही नोंद राहिली पाहिजे, आणि वार्षिक तपासणीला येणाऱ्या निरीक्षकाला ती दिसली पाहिजे. मला फोटो पाठवशील तेव्हा नळीच्या खालच्या बाजूचा पाठव, काळा लेप पुसण्याआधीचा एक आणि पुसल्यानंतरचा एक.

तुझा,
काका